उजव्या रानातला नववा

आमच्या गारदऱ्याचं मैदान केवढं होतं ते सांगितलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल, म्हणून थोडं कमी करूनच सांगतो. मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात उभं राहणाऱ्या गड्याला घरून भाकरी बांधून देत. तिथवर चालत जायचं तर वाटेत दोनदा बसावं लागे. फळीवर चेंडू बसल्याचा आवाज तिथं पोचेपर्यंत मारणारा धावून, बाद होऊन, पाणी पिऊन सावलीला टेकलेला असे. एकदा सामना संपून सगळे घरी निघून गेले, आणि आपण जिंकलो हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याकडून कळलं.

पुढं मी ते अंतर पावलांनी मोजलं. शंभरसुद्धा भरत नाहीत. पण मी तिथं उभा असायचो तेव्हा भरायची, त्याला मी काय करू?

साल बहात्तरचं. विहिरींचे तळ उघडे पडलेले, मोठी माणसं खडी फोडायच्या कामावर, आणि आम्हा पोरांना शाळेत दुपारची सुकडी. त्या साली अमेरिकेतून आमच्या गावात दोन गोष्टी आल्या. एक लाल मिलो ज्वारी आणि दुसरा सॉफ्टबॉल. दोन्ही सुरुवातीला कुणाच्या पचनी पडल्या नाहीत.

मिलो सरकारनं आणली. सॉफ्टबॉल आणला आमच्या आबासाहेब गुंजाळ सरांनी. ते पुण्याला खेळाचं शिबिर करून आले तेव्हा पिशवीत नियमांचं एक पुस्तक, मोठ्या मोसंबीएवढे दोन चेंडू आणि चार हातमोजे. सॉफ्ट म्हणजे मऊ, घाबरू नका, असं सर म्हणाले. पहिलाच चेंडू छगनच्या कपाळावर बसला आणि तिथं दुसरी मोसंबी उगवली, तेव्हा सरांनी पुस्तक पुन्हा उघडून पाहिलं. चारावर नऊ जणांचं कसं भागणार? मग गावातल्या म्हाताऱ्या रंभाजीनानांनी जुन्या मोटेच्या कातड्याचे पाच मोजे शिवून दिले. विहिरीत पाणी नाही तर मोट काय करायची होती? त्या मोज्यांना इतका जुना ओलसर वास यायचा की तहानलेली म्हैस मैदानात शिरून आमचा हात चाटायची. हे खरं आहे. म्हैस कुणाची ते सांगत नाही, तिचे वारस अजून गावात आहेत.

संगमनेर तालुक्यातल्या सहा शाळांच्या मास्तरांनी मिळून लीग काढली. दर रविवारी सामने. होळीपर्यंत जो संघ पहिला येईल तो जिल्ह्याच्या सामन्यांसाठी तीन दिवस नगरला जाणार.

नगर हा शब्द ऐकला आणि मी हात वर केला.

कारण माझी आई तिथं होती. वडलांना नगरच्या वेशीबाहेर, नागापूरच्या कारखान्यांत, एका वर्कशॉपात काम लागलं होतं. आई आणि धाकटी बहीण त्यांच्याबरोबर गेल्या. खोली एकच, तीही दुसऱ्या बिऱ्हाडाबरोबर, तेव्हा मला वर्षभरासाठी गारदऱ्याला आत्याकडे ठेवलं. "दिवाळीच्या सुट्टीला येतो न्यायला," वडील म्हणाले होते. दिवाळीला त्यांचं पोस्टकार्ड आलं. कारखान्यात जादा पाळी लागली होती.

आत्या, म्हणजे रंगुबाई, वाईट नव्हती. स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून माझ्या ताटात टाकायची. पण तिची एक अडचण होती. तिच्या वारलेल्या मालकांचं नाव गोरक्षनाथ, आणि माझं गोरक्ष. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडाबाहेर काढायचं नाही. मालक गेले होते, रीत जायची राहिली होती. त्यामुळं आत्या मला 'पोरा' म्हणायची, नाहीतर दारात उभी राहून "ऐकलं का?" म्हणायची. चौदा वर्षांच्या पोराला बाई "ऐकलं का" म्हणते, यावर गल्ली हसायची. गावात बाकी सगळ्यांना मी रंगुबाईचा भाचा.

आणि संघात? संघात गावची आठ पोरं आधीच ठरलेली. एकत्र पोहलेली, एकत्र मार खाल्लेली. खेळाला नऊ लागतात. सरांनी यादी वाचली, आठ नावं झाली, मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणि हा नववा."

तेच चिकटलं. नववा कुठंय? नवव्या, चेंडू आण. नवव्या, तिकडं लांब जा.

सराव जोडीजोडीनं चाले. एकानं टाकायचा, दुसऱ्यानं झेलायचा. आठांच्या चार जोड्या झाल्या की मी शाळेच्या मागच्या भिंतीकडे जायचो. भिंत चांगली खेळायची. कधी दमली नाही, कधी उशिरा आली नाही, आणि माझ्या हातून चेंडू सुटला तर हसलीसुद्धा नाही.

मारणारी पोरं सगळी उजव्या हाताची, त्यामुळं चेंडू जायचा तो डावीकडे. उजव्या कोपऱ्यात महिनोन्महिने काही यायचं नाही. आम्ही त्या कोपऱ्याला उजवं रान म्हणत असू. तिथं गवतात एका टिटवीनं अंडी घातली होती. पहिले दोन रविवार ती माझ्यावर ओरडली. तिसऱ्या रविवारी तिनं मला ओळखलं. चौथ्या रविवारपर्यंत तिला सगळे नियम पाठ झाले होते. बाद असला की ती एकदा ओरडायची, नसला की दोनदा, आणि पंचापेक्षा कमी चुकायची. मी तिला नागापूरच्या गोष्टी सांगायचो. नागापूर मी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं सांगायला भरपूर होतं.

कधीकधी, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, मी स्वतःलाच हाक मारायचो. "गोरक्षाऽ." आई शेवटचं अक्षर जरा लांबवायची, तसं. पण आपल्या तोंडची हाक आपल्याला लागत नाही. मान वळत नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्या गावात विटी-दांडूची एक रीत होती. उडालेली विटी ज्यानं झेलली, दांडू त्याचा. आणि झेलणाऱ्यानं ती विटी दुसऱ्या कुणाकडे फेकायची नाही. मुठीत धरून, सगळ्यांसमोरून चालत खळगीपाशी यायचं आणि दांडू मागून घ्यायचा. विटी फेकून दिली तर झेलाचा मान गेला. बारक्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत हे सगळ्यांच्या हाडात होतं.

सॉफ्टबॉलात याच्या अगदी उलटं. झेल घेतला की मारणारा बाद, पण खेळ चालूच. कोपऱ्याकोपऱ्यांवर वाळूच्या गोण्या ठेवलेल्या, त्यांना बेस म्हणायचं. मारून एकेक बेस गाठत पहिल्या जागी परत आलं की 'घरी' आलं, एक धाव. बेसवरची पोरं झेलाआधीच पळत सुटली असतील तर त्यांना परत फिरून आपल्या बेसला पाय लावावा लागतो. त्यांच्याआधी चेंडू तिथं पोचला तर तेही बाद. म्हणून झेल घेतला की क्षणभरही न थांबता टाकायचा.

पहिल्या सामन्यात छगननं झेल घेतला आणि चेंडू मिरवत सरांसमोर येऊन फळी मागितली. तोवर समोरची दोन पोरं घरी. सरांनी कपाळावर हात मारला. तेव्हापासून रोज सराव संपला की सर ओरडून विचारायचे, "झेल घेतला, मग?" आणि आम्ही नऊ जण ओरडायचो, "टाकायचा!" नवांत माझा आवाज मोठा असायचा, कारण मला त्याचा उपयोग कधी होणार नव्हता.

चार सामने आम्ही जिंकलो. पाचवा आणि शेवटचा सामना संगमनेरच्या संघाशी, आमच्याच गायरानात. त्यांनीही चार जिंकलेले. जो जिंकेल तो नगरला.

आठवडाभर मला झोप नव्हती. आत्यानं तर वहिनीला द्यायला म्हणून हुलग्यांची पुरचुंडी आधीच बांधून खुंटीला अडकवली.

"आत्या, अजून जिंकलो न्हाई."

"जिंकशाल की. आठ पोरं चांगली हायेत, गुंजाळ मास्तर सांगत हुते."

"आन् मी?"

"तू काय, तिकडं लांब उभा ऱ्हातोस म्हनं. कुनाला आडवा येत न्हाईस."

सामन्याच्या सकाळी सहादेव, आमचा कप्तान, गोण्यांत वाळू भरता भरता पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून बोलला. तो दुसऱ्या बेसवर उभा राहायचा.

"नवव्या, नगरला तुझं कोन हाय म्हनं?"

"आई."

त्यानं गोणीचं तोंड बांधलं. "मंग नीट उभा ऱ्हा. चेंडू आला तर माझ्याकडं टाक. न्हाई आला तर गप ऱ्हा. तुझं काम तेवढंच."

एवढं बोलून तो गेला. मी ते वाक्य उजव्या रानापर्यंत घेऊन गेलो आणि तिथं चारपाच वेळा उलटून पालटून पाहिलं.

खडीवर सुट्टी होती, त्यामुळं सगळं गाव लोटलं होतं. किती माणसं? मी म्हणेन दहा हजार. गावाची वस्ती नऊशे. संगमनेरची पोरं ट्रकमधून आली, सगळ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या. आमच्यातल्या दोघांकडे टोप्या होत्या, त्याही गांधी टोप्या.

सामना सात डावांचा. सातव्या डावात आमचं मारून झालेलं; आम्ही नऊ, ते आठ, आणि मारायला ते. एक जण बाद झालेला. एक टोपी दुसऱ्या बेसवर, एक तिसऱ्यावर. आणखी दोघांना बाद केलं की नगर. मी आईसमोर काय बोलायचं ते ठरवत होतो. आधी बोलायचं नाही, असं ठरलं. आधी नुसतं उभं राहायचं, तिनं हाक मारेपर्यंत.

तेवढ्यात त्यांचा जो मारणारा आला त्यानं फळी डाव्या हातानं धरली.

छगननं चेंडू टाकला. डावखुऱ्यानं मारला. आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तो चेंडू माझ्याकडे यायला निघाला.

इथं मला थाप मारायचा पूर्ण हक्क आहे. चेंडू इतका वर गेला की त्याच्यावर घारीची सावली पडली, असं मी बऱ्याच लग्नांत सांगितलेलं आहे. पण आज सांगत नाही. साधाच उंच उडालेला चेंडू होता. मी तीन पावलं मागं गेलो, दोन पुढं आलो, मोटेच्या कातड्याचा मोजा वर केला, आणि तो त्यात येऊन बसला. आवाज झाला तो भिंतीवरच्या आवाजासारखा नव्हता.

नवव्याच्या हातात काही येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्या दोन लाल टोप्यांनाही नाही. त्या दोघांनी आपापले बेस सोडून पळायला सुरुवात केली होती आणि आता मधोमध थिजून माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या बेसवर सहादेव एकटा, हात वर. तिथं चेंडू टाकला की तिसरा बाद, सामना खलास.

मग ते ओरडले.

"गोरक्षा! टाक!"

"गोरक्षाऽ, हिकडं! गोरक्षा!"

सहादेव ओरडत होता. छगन ओरडत होता. आठही जण ओरडत होते, सर ओरडत होते, कडेची बायामाणसंसुद्धा.

म्हणजे माझं नाव सगळ्यांना ठाऊक होतं तर.

माझे पाय निघाले. पहिली वीस पावलं विटी-दांडूची होती, हे मान्य. झेल घेतला, मुठीत धरला, सगळ्यांसमोरून चाललो. बापजाद्यांची चाल ती, तिला पुस्तक काय करणार? पण विसाव्या पावलाला मला सगळं आठवलं होतं. झेल घेतला, मग? टाकायचा. सहादेवच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. लाल टोप्या भानावर येऊन मागं वळत होत्या, तरी अजून वेळ होता. मला इतकं स्वच्छ दिसत होतं की आजही चित्र काढून देईन.

पण चेंडू हातात होता तोवर ते हाका मारत होते. टाकला असता तर थांबल्या असत्या.

मी पळायला लागलो, चेंडू घेऊन. जसजसा जवळ येत गेलो तसतशी हाक मोठी होत गेली. गोरक्षा, गोरक्षा, अरे गोरक्षा. जूनपासून फाल्गुनापर्यंत जेवढ्या चुकल्या होत्या तेवढ्या सगळ्या मी त्या शंभर पावलांत वसूल केल्या. सहादेवच्या पुढून गेलो. त्यानं माझ्या सदऱ्याला हात घातला, बाही त्याच्या हातात राहिली. लाल टोप्यांनी बेसला पाय लावले, पुन्हा सुटल्या. एक घरी आली. बरोबरी. मी अजून पळतच. दुसरी माझ्या शेजारून गेली, दोन हातांवरून. हात लांब करून चेंडू तिला लावला असता तरी बाद झाली असती. तीही घरी गेली.

नऊ-दहा.

मी छगनपाशी पोचलो आणि चेंडू त्याच्या हातात दिला. ओरडणं थांबलं होतं. छगन चेंडूकडे बघून म्हणाला, "आता कशाला?"

रंभाजीनाना मात्र काठी घेऊन पंचावर धावून गेले. "त्यानं झेल घ्येतला न्हवं? मंग दांडू त्याचा! ह्यात डाव संपला कसा? कोन गावचा न्याव हा?" पंच बिचारा संगमनेरचा शिकलेला माणूस. त्यानं पुस्तक काढून दाखवलं. नाना म्हणाले, "इंग्रजीत काय बी लिवत्याल!" चारदोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. बाजू घ्यायला म्हणून माझ्या वाटणीला तेवढेच आले.

ट्रक गाणी म्हणत गेला. लोक पांगले. सरांनी गोण्यांतली वाळू ओतून दिली, गोण्या झटकून काखेत मारल्या, आणि माझ्या बाजूनं शाळेकडे निघून गेले. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सहादेव थांबला होता. त्याचा घसा पार बसला होता.

"लेका, एवढा वरडलो. ऐकू आलं न्हाई व्हय?"

"आलं."

"मंग?"

मी बाही नसलेला हात चोळत राहिलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. कळलं असावं असं मला एकदा वाटलं, पण तेवढ्यात छगननं त्याला लांबून हाक मारली.

"जा, नवव्या," तो म्हणाला. "घरी जा."

आत्यानं खुंटीवरची पुरचुंडी काढून सोडली. सोमवारी आम्ही हुलग्याचं माडगं प्यालो. ती एवढंच म्हणाली, "पोरा, सवयच हाय ती. आपल्याकडं विटी कोन फेकतंय?"

गावानंही तेच धरलं. विटी-दांडूच्या सवयीनं घात केला. मी ते तसंच राहू दिलं. खरं सांगायला गेलो असतो तर ते कुणी मानलं नसतं, आणि तीच सगळ्यांत मोठी थाप ठरली असती. पुढं वर्षानुवर्षं कुणी विचारलं की मी त्यात थोडं घालत गेलो. कधी घार, कधी डोळ्यांवर आलेलं ऊन, कधी मोज्याला चिकटून बसलेला चेंडू. घारवाली सगळ्यांना आवडते.

लीग संपली. मला कुणी काढून टाकलं नाही, काढणार कसे, दहावं पोर गावात नव्हतंच. संध्याकाळी सराव चालू राहिला. चार जोड्या मैदानात, मी भिंतीशी. मला कुणी चिडवत नव्हतं. शाळेत सुकडी वाटताना मला मधे जागा करून देत, पण बोलणं माझ्या डोक्यावरून इकडून तिकडं जाई. आणि त्या दिवसाची हाक तर कुणाच्याच तोंडी पुन्हा आली नाही. आठ जणांना माझं नाव येत होतं, आणि आठही जण ते वापरत नव्हते. आधी निदान मला असं वाटायचं की त्यांना ते माहीत नसेल.

वैशाखात आई मला न्यायला आली.

येणार असल्याचं पत्र होतं, पण दिवस नक्की नव्हता. मी छगनबरोबर फाट्यावर गेलो होतो. त्याच्याबरोबर म्हणजे त्याच्या मागून. सर संगमनेरहून नवा चेंडू आणणार होते, तो घ्यायला. आम्ही रस्त्याकडे पाठ करून लिंबाखाली बसलो होतो. एस.टी. थांबली, धुरळा उडाला, माणसं उतरली.

आई पुढं मरेपर्यंत सांगायची की तिनं खाली उतरल्या उतरल्या हाक मारली. एकदा मारली, दोनदा मारली, तिसऱ्यांदा अगदी लांबवून मारली. मी बोटानं मातीत रेघा ओढत बसलो होतो. माझी मान हलली नाही.

छगननं मला कोपर मारलं.

"ए नवव्या," तो म्हणाला, "तुला बोलवत्यात."

तेव्हा कुठं मी वळलो.